जागल्याचं बलुतं

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली एक वही आहे. तिच्यात १९ डिसेंबरच्या तारखेला तात्यांच्या ठसठशीत अक्षरात एवढंच लिहिलंय: 'काळे किडे, पाठीवर नारिंगी ठिपके. २७. मारले.' या एका ओळीपायी आमच्या आंबिवलीच्या गच्चीवर काय काय झालं, ते सांगतो.

तात्या चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. ते मोहन्याच्या एनआरसीतले, म्हणजे नॅशनल रेयॉनमधले, स्पिनिंग खात्यातले. २००९ साली कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. पुढे कुठे गोदामात, कुठे दुकानात हिशेब लिहीत दिवस काढले, मुलगा मार्गी लागला आणि ते घरी बसले. खात्याची शिस्त मात्र बसेना. रेयॉनचा धागा कसा होतो हे त्यांनी मला जिन्यात इतक्यांदा सांगितलंय, की आता मीही करून दाखवीन: लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, कार्बन डायसल्फाइड घालून त्याचा मधासारखा दाट रस करायचा आणि तो केसाएवढ्या भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडायचा. 'एक तंतू तुटलेला दिसला की माल नापास,' हे या कथेचं पालुपद. खात्यात कुजक्या मुळ्यासारखा वास भरून राहायचा, हेही ते दरवेळी सांगतात. तो वास नाकात घेऊन उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने म्हातारपणी मुळेच का लावावेत, हे विचारायचं मी टाळलंय.

लावायला निमित्त झालं लोकलचं. गाडी सिग्नलला थांबली होती, तात्या दाराशी उभे होते. रुळांच्या कडेला एक माणूस पालकाच्या जुड्या धूत होता, आणि धूत होता त्या पाण्याचा रंग तात्यांना कंपनीतल्या कुठल्याशा टाकीसारखा वाटला. घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, 'पालक निदान शिजतो तरी. कोशिंबीर कच्चीच पोटात जाते.' काकू म्हणाल्या, 'मग खाऊ नका.' पण तात्या कोशिंबिरीशिवाय जेवणारे नव्हेत.

दसऱ्याला त्यांनी सुरुवात केली. मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली, धुऊन आठ दिवस उन्हात टाकली, बुडाला भोकं पाडली. आत नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा, शेणखत आणि वर चार बोटं माती. अशी चौदा खोकी लोखंडी घोड्यांवर मांडली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचं आणि त्यांच्या प्रयोग परिवाराचं नाव तात्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गणित शिकवणाऱ्या त्या माणसाने शेतकऱ्यांना सांगितलं होतं की प्रयोग स्वतःच्याच रानात करा आणि नोंदी ठेवा. नोंदी म्हटल्यावर तात्या खुलले. लगेच वही आली. ते तिला वही म्हणत नाहीत, लॉगबुक म्हणतात.

मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात, टोमॅटो, आणि सातवीतल्या नातीच्या हट्टाखातर लेट्यूस. काकू त्याला 'न मिटलेला कोबी' म्हणायच्या. लेट्यूसने पहिला धडा दिला. त्याचं बी कोथिंबिरीसारखं गाडायचं नसतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. शिवाय ऑक्टोबरच्या तापलेल्या मातीत ते उगवायला तयारच होत नाही. पहिली पेरणी गेली. लॉगबुकात 'नापास' असा शेरा पडला. दिवाळीनंतर हवा उतरली, दुसरी पेरणी साधली, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा गच्चीचा तो कोपरा असा काही हिरवा झाला होता, की मी सिगारेट ओढायला वर जायचो तो नुसताच बघत उभा राहायचो. (सिगारेट सुटली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.)

याशिवाय एक वेल होता. काकूंनी रंगाच्या जुन्या बादलीत डाळिंब्यांसाठी वाल टोचले होते. तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता आणि तात्यांच्या हिशेबात तो नव्हताच.

डिसेंबरच्या मध्याला चार दिवस आभाळ आलं. ठाणे जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी सांगेल, ढगाळ हवा आली की मावा आला. मुळ्याच्या पानांखाली राखाडी-हिरवा आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटला. मावा वाढतो कसा हे कळलं तर कोणाचीही झोप उडेल. मादीला नर लागत नाही, ती अंडी न घालता जिवंत पिलंच टाकते, आणि ते पिलू आठवड्याभरात स्वतः पिलं टाकू लागतं. तात्यांनी आधी पाण्याची पिचकारी मारली. मग साबणाचं पाणी. मग चिमट्याने एकेक वेचणं सुरू झालं, आणि त्या वेचणीत त्यांना हे नवे किडे दिसले. काळे, लांबुळके, सहा पायांचे, पाठीवर काटे आणि नारिंगी ठिपके. सुसरीचं पिल्लू बोटाच्या नखाएवढं करून ठेवलं तर दिसेल तसे. मावा निदान दिसायला गरीब असतो. हे किडे बघूनच शिसारी यावी. तात्यांनी सत्तावीस मोजले आणि साबणाच्या पाण्यात बुडवले.

२२ तारखेची नोंद: 'मावा दुप्पट.' २४ तारखेची: 'मावा अमाप.' २६ ला तात्या दुकानातून बाटली घेऊन आले.

बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. आपल्याकडे कीटकनाशकाच्या वेष्टनावर असा रंग छापावाच लागतो: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. दुकानदार म्हणाला होता, 'काका, एक झाकण, एक लिटर, विषय संपला.' आणि विषय खरंच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला हाताला धरून वर घेऊन गेले. पानन्‌पान उलटून दाखवलं. एक मावा नाही, एक मुंगी नाही, एक भोक नाही. 'झिरो फॉल्ट,' ते म्हणाले. कंपनी बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

घोळ संध्याकाळी निघाला. किती दिवसांनी खायचं ते पाहायला नातीने बाटलीला चिकटवलेली घडीची चिठ्ठी उलगडली. पीक, कीड, मात्रा, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस, असा तक्ता होता. कापूस होता. भात होता. मुळा नव्हता, लेट्यूस नव्हतं, कोथिंबीर नव्हती.

'आबा, यात आपलं काहीच नाही.'

'मग किती दिवस थांबायचं?'

'लिहिलेलंच नाही.'

औषधाची परवानगी पिकापिकाला वेगळी असते. ज्या पिकासाठी ते तपासलेलंच नाही त्यासाठी दिवस कोण छापणार? २००५ मध्ये भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला बंदी आली तीही अशीच. कापसावर चाललं म्हणून ते भाजीवर चालवून घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती कापसाच्याच शेतात. तात्या पेपर बारकाईने वाचणारे, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. फक्त ते आपल्या गच्चीला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. गच्चीवर चौदा खोकी भरून कोवळी, लुसलुशीत, बिनभोकाची पानं, आणि काकू खाली स्टेशनजवळून काकडी विकत आणत होत्या. तिसऱ्या दिवशी तात्यांनी सगळं उपटलं, गोणीत भरलं, नवी माती आणली आणि पुन्हा पेरलं. लॉगबुकात 'वापरायचे नाही' एवढेच शब्द. वालाचा वेल मात्र काकूंनी उपटू दिला नाही. 'त्याच्या शेंगा यंदा खाणार नाही, पण तो राहू दे.' मला वाटतं तो हट्ट शेंगांचा नव्हता, दोन दिवसांच्या अबोल्याचा होता.

आणि बाराव्या दिवशी वेलावर मावा परत आला. पंखवाले चार-दोन उडत आले असतील, पण यावेळी त्यांना कोणी हटकणारंच नव्हतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुरबाडकडून आक्का आल्या. तात्यांच्या थोरल्या बहीण, सत्तरीच्या पुढच्या, भातशेतीत कंबर मोडलेल्या. कल्याणला डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, हिरव्या पट्टीआड घरात बसायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्या पहिल्यांदा गच्चीवर आल्या आणि पाण्याच्या पिंपाकडे बघून म्हणाल्या, 'अगंबाई, निळं आहे होय हे!' मोतीबिंदूत निळा रंग मळतो. किती वर्षांनी तो त्यांना स्वच्छ दिसत होता कोण जाणे. त्यानंतर त्यांना कशाचंच समाधान होईना. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्या पानावरची धूळ, विटेवरची रेघ, कावळ्याच्या पायाची नखं, सगळं डोळे भरून बघत. असंच बघताना त्यांना वालाच्या देठावरून चढणारं ते सुसरीचं पिल्लू दिसलं.

तात्यांनी दोन बोटं पुढे केली.

'थांब रे,' आक्का म्हणाल्या. 'आधी खातंय काय ते तर बघ.'

'आक्का, हीच ती कीड. डिसेंबरात सत्तावीस मारले.'

'मारलेस ते कळलं. खात काय होते?'

तात्या गप्प. लॉगबुकात तो रकानाच नव्हता.

मग ती दोन म्हातारी माणसं आणि शाळेतून आलेली नात, भिंग घेऊन त्या वेलापाशी तासभर बसली. किडा माव्याच्या घोळक्यात शिरला. एक धरला, शोषला, साल टाकली. दुसरा धरला. नातीने आकडा मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता तिचा आवाजच बदलला. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा तिला पुस्तकातून माहीत होता. त्याचं पोर असं दिसतं हे चित्रात नव्हतं. कोष करीपर्यंत असं एक पोर शेकडो मावे फस्त करतं.

तात्या उठले, टाकीखालून वही काढून आणली आणि १९ डिसेंबरचं पान उघडून बसले. त्याखाली २२ तारीख होती, २४ होती, २६ होती. त्यांच्याच अक्षरात, एकाखाली एक. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. नोंद प्रामाणिक ठेवणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, तिच्यापुढे त्याचीच पळवाट बंद होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, 'पण मग मावा ठेवायचा? चोर पोसायचे घरात?'

तेव्हा आक्कांनी जागल्याची गोष्ट सांगितली. 'तू पाळण्यात होतास. आपल्या गावाला जागल्या होता. रात्री खळ्यावरून फिरायचा, आरोळी द्यायचा. सुगीला त्याला घराघरातून भाताच्या पेंढ्या. एका साली बाबा म्हणाले, औंदा गावात एक चोरी नाही, मग कशापायी द्यायचं? नाही दिलं. जागल्या काही बोलला नाही. पुढल्या सालापासून आपल्या खळ्यावरून तेवढा फिरला नाही.'

'मग?'

'मग काय. दोन भारे गेले.'

बलुतेदारीत अन्याय काही थोडा नव्हता, तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आणि आक्कांची उपमा जराशी लंगडीच होती, कारण गावचा जागल्या काही चोर खाऊन जगत नव्हता. पण तात्यांना ती लागायची तिथे लागली. चोरी झाली नाही म्हणून जागल्याला उपाशी ठेवणारा बाप त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्यासारखा दिसला असावा.

'किती ठेवायचा?' त्यांनी विचारलं. हा खात्यातला माणूस, त्याला प्रमाण हवंच.

'हा वेल त्याचा,' आक्का म्हणाल्या.

नातीने आणखी एक शोध लावला. वालावरचा काळा मावा वालाच्या, चवळीच्या जातकुळीला धरून राहतो, मुळ्यावर येतो तो निराळा. म्हणजे वेलावरचा मावा खोक्यांत उतरण्याची भीती जवळजवळ नाही, आणि त्यावर पोसलेले ढालकिडे मात्र गच्चीभर हिंडणार. जेवण वालावर, पहारा मुळ्यावर. काकूंच्या डाळिंब्या अशा रीतीने सरकारजमा झाल्या.

मुंग्यांचा बंदोबस्त काकूंनीच केला. मुंग्या माव्याच्या गवळी आहेत. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा चाटतात आणि बदल्यात ढालकिड्यांना चावून हाकलतात. काकूंच्या माहेरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. त्यांनी लोखंडी घोड्यांच्या पायांखाली जुन्या वाट्या ठेवल्या, पाणी भरलं, वर साबणाचा थेंब टाकला. डास होऊ नयेत म्हणून पाणी एक दिवसाआड बदललं. वेलाच्या बादलीलाही तसंच परातीत उभं केलं. याला पैसा लागला नाही, दुकानदार लागला नाही. तात्यांनी हे लॉगबुकात 'काकूंची पद्धत' असं न लिहिता 'जलकुंड पद्धत' असं लिहिलं, ते मी काकूंना सांगितलेलं नाही.

आता हे सगळं ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. वेलाचे शेंडे काळेभोर झाले, पानं आकसली, चिकट्यावर काजळी धरली. मुळ्याच्या दोन खोक्यांवरही मावा दिसला. तिथे तात्यांनी निंबोळीचा अर्क मारला: पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून लिटरभर करायचा, चिमूटभर साबण, फवारणी ऊन उतरल्यावर आणि फक्त माव्याच्या जागी. तेवढ्याने तो दबला, संपला नाही. आक्का गावी परतल्या होत्या. फोनवर त्यांचं एकच म्हणणं, 'जागल्या जेवणाआधी येत नाही रे.' ते खरंच असतं. आधी चोर वाढतो, मग मागून पहारेकरी, आणि या मधल्या दिवसांतच माणूस बाटलीकडे हात टाकतो.

तात्यांनीही टाकला. एका रात्री साडेअकराला ते माळ्यावरची बाटली आणि हातपंप घेऊन गच्चीवर गेले. मी पाणी सोडायला वर गेलो होतो, म्हणून मला हे माहीत. टॉर्च तोंडात धरून ते वालाचं पान उलटं करत होते आणि तसेच थांबले. मला वाटलं, विंचू दिसला.

पानाच्या मागे सात-आठ पांढरे धागे उभे होते. इतके बारीक की टॉर्च हलला की नाहीसे व्हायचे. प्रत्येकाच्या टोकाला एक मणी.

'बुरशी?' मी विचारलं.

तात्यांनी टॉर्च हातात घेतला. डोळे बारीक केले. धाग्याची जाडी सांगायचं माप त्यांच्या खात्यात डेनियर होतं, आणि ते नजरेनेही सांगायची सवय होती. 'एक डेनियर,' ते पुटपुटले. 'कदाचित त्याहून कमी. आणि बघ, एकसुद्धा तुटलेला नाही.'

दुसऱ्या दिवशी नातीने सांगितलं तेव्हा कळलं, ती क्रायसोपाची अंडी होती. हिरव्या जाळीदार पंखांची ती नाजूक माशी आधी पानावर रेशमाचा देठ काढते आणि त्याच्या टोकावर अंडं ठेवते, म्हणजे आधी निघालेलं खादाड पोर शेजारच्या भावंडाला गिळत नाही. ही पोरंही माव्यावरच जगतात. पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या रात्री तात्यांना नाव ठाऊक नव्हतं, मित्र की शत्रू तेही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त पान होतं तसं अलगद सोडलं, पंप रिकामाच उचलला आणि मला म्हणाले, 'आधी खातं काय ते बघू.'

फेब्रुवारी संपता संपता खोक्यांवरचा मावा ओसरला. वेलावर थोडा होता, तो राहिला. जो उरला त्यातले काही फुगून तपकिरी, कडक झालेले दिसू लागले. त्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी वाढत होती. पहाऱ्याला आता तिसरी पाळीही लागली. या पहारेकऱ्यांना येण्याला काही कारण असावं म्हणून तात्यांनी एका खोक्यातली कोथिंबीर काढली नाही, फुलावर जाऊ दिली.

पहिली कोशिंबीर मला खाली वाटीतून आली. मुळा, पात, लेट्यूसची फाडलेली पानं, वर दाण्याचं कूट आणि लिंबू. तीन-चार पानांना भोकं होती. मी ते बोललो नाही, पण वाटी परत द्यायला गेलो तेव्हा तात्यांनीच विचारलं, 'भोकाची पानं आली ना तुझ्याकडे? मुद्दाम दिली.'

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन चढलं. लेट्यूसने दांडा सोडला, पानं दुधाळ आणि कडू झाली, त्यांचा हंगाम संपला. पावसाळ्यात गोगलगायी येतील, काकडीवर फळमाशी येईल, तेव्हा काय करायचं याची चर्चा आत्ताच फोनवर मुरबाडशी सुरू झाली आहे. लॉगबुकात 'कीड' या रकान्याशेजारी पट्टीने रेघ मारून एक नवा रकाना आलाय: 'काय खाते.' ४ मार्चच्या ओळीत लिहिलंय: 'काळे किडे, पाठीवर नारिंगी ठिपके. ४१. मावा खातात. आहेत.'

बाटली मात्र पाऊण भरलेली तशीच राहिली. परत घ्यायला दुकानदार तयार नाही आणि नाल्यात ओतायला तात्या तयार नाहीत. दोन पिशव्यांत बांधून, वर तारीख लिहून ती माळ्यावर ठेवली आहे.